हृदयाच्या घातक तालबिघाडाचा पूर्ववेध : वेदनारहित चाचण्यांची ओळख

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न असतो. या वर्षीचा विषय आमच्या हृदयरोग विभागात वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून निवडला आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून बरा होऊन घरी निघालेल्या रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आता पुन्हा अचानक काही होणार नाही ना? ते आधी कळावे म्हणून एखादी तपासणी नाही का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो : अमुक एक यंत्र घेतले तर असे मृत्यू टळतील काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर सविस्तर देण्यासारखे आहे. शरीराला चीर न देता, केवळ कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांच्या आधारे हृदयाचा धोका ओळखण्याच्या अनेक पद्धती गेल्या शतकभरात पुढे आल्या. त्यांतील काही आज सर्वत्र रुळल्या आहेत, तर काहींकडून बाळगलेल्या अपेक्षा मोठ्या अभ्यासांत टिकल्या नाहीत. रुग्णाच्या कुटुंबाने आणि देणगीदारांनी हा इतिहास जाणून घेतला, तर कोणत्या तपासणीकडून किती अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या कामासाठी पैसा खर्च व्हावा, याचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल, असे आम्हास वाटते.

हृदयातील वीज आणि तिचा बिघाड

हृदय हा एक पंप आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हा पंप चालतो तो स्वतः निर्माण केलेल्या अत्यंत सौम्य विजेवर. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसा पेशीसमूह असतो. त्यातून निघालेली लहर ठरलेल्या वाटेने खालच्या दोन कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत पोहोचते आणि सारे स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाकाठी हे चक्र एक लाखाहून अधिक वेळा पूर्ण होते.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडून स्नायूचा काही भाग मृत होतो. तेथे पुढे व्रण तयार होतो. हा व्रण एकसंध नसतो. त्यात मृत तंतूंच्या मध्ये काही जिवंत तंतू अडकून राहतात आणि त्यांतून वीज मंदगतीने वाट काढते. अशा ठिकाणी एखादी लहर पुढे न जाता स्वतःभोवतीच फिरू लागली, की निलये मिनिटाला दीडशे, दोनशे किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावू लागतात. हा वेग आणखी विस्कळीत झाला, की स्नायूंचे एकत्रित आकुंचन थांबते आणि केवळ थरथर उरते. डॉक्टर त्यास 'व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन' म्हणतात. या अवस्थेत रक्त पुढे ढकलले जात नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि उपचार मिळाला नाही तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. रक्तवाहिनीतील अडथळा हा हृदयाच्या नळांचा दोष आहे आणि तालबिघाड हा विजेच्या वाटांचा. अँजिओप्लास्टी अथवा बायपास करून नळ मोकळे झाले, तरी जुन्या व्रणातील विजेचा दोष राहू शकतो. "अँजिओप्लास्टी झाली होती, तरी असे कसे झाले?" हा शोकाकुल कुटुंबाचा प्रश्न बहुधा याच जागी अडकलेला असतो.

भारतीयांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पदर आहे. 'इंटरहार्ट' या बहुराष्ट्रीय अभ्यासाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत हे वय सुमारे ५९ आढळले. म्हणजे व्रण घेऊन जगण्याची वर्षे आपल्याकडे अधिक, आणि ती बहुधा घरच्या कर्त्या माणसाच्या वाट्याला येतात.

साधा ईसीजी : जुने पण बहुमोल साधन

हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतु-गॅल्व्हानोमीटर तयार करून हृदयाच्या विजेचा अचूक आलेख काढला. त्या यंत्राने खोली व्यापली जाई, ते चालवण्यास अनेक माणसे लागत आणि रुग्णास हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आलेखातील लहरींना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही जगभर वापरली जातात. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा ईसीजी काही मिनिटांत निघतो आणि त्यास अल्प खर्च येतो. म्हणूनच कदाचित त्याचे मोल कमी लेखले जाते. लक्षपूर्वक वाचलेला ईसीजी घातक तालाच्या दृष्टीने बरेच सांगतो. जुन्या झटक्याच्या खुणा त्यात दिसतात. स्नायू अवाजवी जाड झाला असल्याची सूचना मिळते. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी वर्णन केलेली विजेची जास्तीची वाट त्यात ओळखता येते. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी ज्याकडे लक्ष वेधले, तो वरवर निरोगी दिसणाऱ्या तरुणांत झोपेत मृत्यू घडवू शकणारा विकारही याच कागदावर आपली खूण ठेवतो.

आणखी एक महत्त्वाचे मोजमाप म्हणजे क्यूटी कालावधी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुन्हा सज्ज होण्यास जो वेळ घेतात, तो यावरून कळतो. नाडीच्या वेगानुसार त्यात दुरुस्ती करण्याचे सूत्र बॅझेट यांनी १९२० मध्ये दिले. दुरुस्त केलेला हा काळ ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, तर घातक तालाचा धोका लक्षणीय वाढतो. काहींमध्ये हा दोष जन्मजात आणि आनुवंशिक असतो. अशा घरांत एखादे मूल पोहताना, धावताना वा अचानक दचकल्यावर बेशुद्ध पडल्याचा इतिहास सापडतो आणि कित्येकदा त्यास फिट समजून वर्षानुवर्षे उपचार होतात. काहींमध्ये हा काळ औषधांमुळे लांबतो. काही प्रतिजैविके, उलटीवरील काही औषधे व मानसिक आजारावरील काही औषधे यांस कारणीभूत ठरतात. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम कमी झाले असेल, तर हा धोका अधिकच वाढतो. या सर्व गोष्टी एका साध्या कागदावरून कळू शकतात. मात्र तो कागद वाचणाऱ्याने केवळ यंत्राने छापलेल्या निष्कर्षावर न विसंबता लहरी स्वतः मोजल्या पाहिजेत.

ईसीजीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सर्वसाधारण ईसीजी सुमारे १० सेकंदांची नोंद घेतो. दिवसातील एक लाख ठोक्यांपैकी त्यात जेमतेम डझनभर दिसतात. तालबिघाड येऊन-जाऊन होत असेल, तर तो या १० सेकंदांत सापडेलच असे नाही. "ईसीजी नॉर्मल आहे" याचा अर्थ "या क्षणी दिसण्याजोगा दोष नाही" इतकाच घ्यावा.

होल्टर आणि एक मोठा धडा

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय अमेरिकेतील माँटाना राज्याचे शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांना जाते. हिंडत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे त्यांचे आरंभीचे यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ मध्ये त्यांनी या पद्धतीवर महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. आज हेच काम खिशात मावणारे उपकरण २४ ते ४८ तास आणि छातीवर चिकटवण्याची पट्टी एक-दोन आठवडे करू शकते. रुग्णाने घरची कामे नेहमीप्रमाणे करावीत आणि चक्कर, धडधड वा घेरी आल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी, एवढीच अपेक्षा असते. ती वही नसेल, तर नोंदीचे निम्मे मोल कमी होते.

होल्टरमुळे असे दिसले, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेक रुग्णांमध्ये निलयांतून अवेळी ठोके पडतात आणि असे ठोके अधिक असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. यावरून स्वाभाविक तर्क निघाला : औषधाने हे ठोके थांबवले, तर मृत्यू टळतील. हा तर्क तपासण्यासाठी अमेरिकेत 'कास्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. दोन प्रभावी औषधांनी ठोके खरोखर थांबले. परंतु १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जण दगावले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारला होता, पण रुग्ण अधिक संख्येने मरण पावले होते.

या अभ्यासाने हृदयरोगशास्त्राची दिशा बदलली. कागदावरील दोष दिसणे, तो दोष धोक्याची खूण असणे आणि तो दूर केल्याने माणूस वाचणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन सिद्ध झाल्या म्हणून तिसरी आपोआप सिद्ध होत नाही. पुढील प्रत्येक चाचणीचा विचार करताना आम्ही हाच निकष लावतो.

सूक्ष्म लहरींचा शोध

साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा शोधण्याचे प्रयत्न १९८० नंतर वेगाने झाले. त्यांतील तीन पद्धतींची ओळख येथे करून देतो.

पहिली पद्धत 'सिग्नल ॲव्हरेज्ड ईसीजी' या नावाने ओळखली जाते. व्रणातून रेंगाळत जाणारी वीज मुख्य ठोका संपल्यावरही काही क्षण शिल्लक असते. परंतु ती इतकी क्षीण असते, की स्नायूंच्या व यंत्राच्या गोंगाटात हरवून जाते. शेकडो ठोके एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढली, की अनियमित गोंगाट विरतो आणि ही उशिरा येणारी लहर उमटते. रुग्णाने काही मिनिटे शांत पडून राहायचे असते, इतकेच.

दुसरी पद्धत ठोक्यांमधील अंतर मोजते. निरोगी हृदय घड्याळासारखे अगदी समान अंतराने चालत नाही. श्वास, झोप, श्रम आणि भावना यांनुसार मज्जासंस्था त्याचा वेग सतत कमी-अधिक करीत असते. ही लवचिकता हरपणे हे अशुभ लक्षण होय. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या ठोक्यांतील फरक फारच कमी होता त्यांच्या मृत्यूची शक्यता चांगला फरक असणाऱ्यांच्या मानाने पाचपटींहून अधिक आढळली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी याच विचाराला धरून, एका अवेळी ठोक्यानंतर हृदय आपला वेग कसा सावरते, हे मोजण्याची रीत दिली.

तिसरी पद्धत आहे टी लहरीतील आलटून-पालटून होणारा बदल, म्हणजेच 'टी-वेव्ह अल्टरनन्स'. येथे एका ठोक्याची टी लहर किंचित उंच, पुढच्याची किंचित ठेंगणी, पुन्हा उंच, असा क्रम असतो. हा फरक काही मायक्रोव्होल्टचाच, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतका असतो. तो मोजण्यासाठी रुग्णास ट्रेडमिलवर वा सायकलवर हळूहळू व्यायाम देऊन नाडी मिनिटाला १०५ ते ११० च्या आसपास न्यावी लागते. अमेरिकेतील संशोधकांच्या १९९४ मधील अभ्यासाने या चाचणीविषयी मोठी आशा निर्माण केली.

आता कास्टचा निकष लावून पाहू. १९९७ च्या 'कॅबग-पॅच' अभ्यासात हृदयाची शक्ती क्षीण असलेले आणि पहिली चाचणी सदोष आलेले ९०० रुग्ण निवडले आणि बायपासच्या वेळीच निम्म्यांना शॉक देणारे यंत्र बसवले. यंत्र बसवलेल्या ४४६ पैकी १०१ आणि न बसवलेल्या ४५४ पैकी ९५ जण दगावले. म्हणजे लाभ दिसला नाही. २००४ च्या 'डिनामिट' अभ्यासात झटक्यानंतर ६ ते ४० दिवसांतील रुग्ण क्षीण हृदयशक्ती आणि ठोक्यांतील कमी फरक यांवरून निवडले. तेथे यंत्रामुळे तालबिघाडाचे मृत्यू २९ वरून १२ वर आले, पण इतर कारणांचे मृत्यू वाढले. एकूण मृत्यू यंत्राच्या गटात ६२ आणि दुसऱ्या गटात ५८ झाले. टी लहरीच्या चाचणीबाबतही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मास्टर' अभ्यासात घातक तालाचे भाकीत करण्यात ती अपुरी ठरली.

यावरून या चाचण्या निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. हृदयाच्या विजेविषयीचे आपले ज्ञान त्यांनी वाढवले आहे. परंतु केवळ त्यांच्या निकालावर विसंबून एखाद्या कुटुंबाला निर्धास्त करणे, अथवा लाखो रुपयांच्या खर्चाकडे ढकलणे, आजच्या पुराव्यानुसार योग्य ठरत नाही.

आज निर्णय कसा होतो

शरीरात बसवण्याचे शॉक देणारे यंत्र, ज्यास आयसीडी म्हणतात, ते प्रथम १९८० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका रुग्णास बसवण्यात आले. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांच्या दीर्घ प्रयत्नांचे ते फळ होते. ते हृदयावर अहोरात्र लक्ष ठेवते आणि घातक ताल सुरू होताच आपणहून उपचार देते. ज्यांना एकदा असा प्रसंग येऊन गेला आणि जे त्यातून वाचले, त्यांच्यासाठी, तात्पुरते व दुरुस्त होण्याजोगे कारण नसेल तर, त्याची गरज सहसा निर्विवाद असते. प्रश्न असतो तो ज्यांना अजून काहीच झालेले नाही त्यांचा.

यासाठी आज सर्वाधिक आधार घेतला जातो तो सोनोग्राफीच्या तत्त्वावर चालणाऱ्या टू-डी एको तपासणीचा. निलयात साठलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हे त्यातून कळते. अहवालावर 'ईएफ' असे लिहिलेला आकडा तो हाच. निरोगी हृदयात तो साधारण ५५ ते ७० असतो. २००२ च्या 'मॅडिट-२' अभ्यासात झटका येऊन गेलेल्या आणि हा आकडा ३० किंवा त्याहून कमी असलेल्या १,२३२ रुग्णांचा सरासरी २० महिने पाठपुरावा झाला. यंत्र नसलेल्यांत १९.८ टक्के, तर यंत्र असलेल्यांत १४.२ टक्के रुग्ण दगावले.

हे आकडे शंभर माणसांवर मांडून पाहावेत. शंभरांपैकी सुमारे २० जण त्या काळात गेले असते, त्याऐवजी १४ गेले. सहा कुटुंबांतील माणूस वाचला, ही लहान गोष्ट नाही. परंतु ऐंशी जण त्या काळात यंत्राशिवायही हयात राहिले असते आणि चौदा जण यंत्र असूनही गेले. ते सहा जण नेमके कोण, हे आधी सांगू शकेल अशी चाचणी मिळावी म्हणूनच जगभर संशोधन चालू आहे. आजमितीस ती उपलब्ध नाही.

कमी ईएफ दिसताच लगेच यंत्र बसवावे असेही नाही. झटक्यानंतर किमान ४० दिवस जाऊ द्यावेत आणि सुमारे तीन महिने योग्य औषधे देऊन एको पुन्हा करावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पुष्कळ रुग्णांचा आकडा या काळात सुधारतो आणि यंत्राची गरजच उरत नाही. औषधे नियमित घेणे हाच येथे पहिला उपचार आहे.

सर्वांचीच चाचणी का करू नये?

देणगीदार आम्हास विचारतात, "शिबिरे भरवून सर्वांच्याच अशा चाचण्या केल्या तर?" या सूचनेमागील तळमळ आम्ही जाणतो. उदाहरणासाठी काही आकडे कल्पून पाहू. समजा एक हजार माणसांत खरा धोका १० जणांना आहे. चाचणी इतकी चांगली आहे, की ती त्या १० पैकी ९ जणांना ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त दहा टक्क्यांना, म्हणजे ९९ जणांना, चुकून धोक्यात दाखवते. आता धोक्याचा शिक्का बसलेले झाले १०८. त्यांतील खरे नऊच. बाकी ९९ घरांत विनाकारण भीती, पुढील तपासण्या आणि कर्ज. तीच चाचणी जर निवडक, खरोखर धोका संभवणाऱ्या रुग्णांची केली, तर तिच्या उत्तराला अर्थ येतो. कोणाची तपासणी करावी, हे ठरवण्यासाठी रुग्णाची नीट विचारपूस करणे म्हणूनच आवश्यक असते आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, वेळ लागतो.

नवी साधने

शंभरांहून अधिक पट्ट्यांचे जाकीट आणि सीटी स्कॅन यांच्या साहाय्याने हृदयाच्या पृष्ठभागावरील विजेचा नकाशा काढण्याचे तंत्र २००४ नंतर मानवी रुग्णांत वापरले जाऊ लागले. हृदयाच्या एमआरआयमध्ये व्रण किती व कोठे आहे हे दिसते आणि काही विकारांत निर्णयास त्याचा मोठा आधार होतो. साध्या ईसीजीवरून क्षीण हृदय ओळखणारी संगणकीय पद्धत २०१९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मांडली. मनगटी घड्याळेही आता ईसीजी काढतात. ती मुख्यतः वरच्या कप्प्यांचा तालबिघाड ओळखण्यासाठी आहेत. निलयांच्या घातक थरथरीची पूर्वसूचना त्यांच्याकडून मिळेल, असे कोणी समजू नये.

आमचे धोरण आणि आपले साहाय्य

हे सारे लक्षात घेऊन आमच्या हृदयरोग विभागाने एक साधा नियम पाळला आहे : ज्या तपासणीच्या उत्तराने उपचारात बदल होणार नाही, ती रुग्णास सुचवायची नाही. झटका येऊन गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी व एको, विनाकारण बेशुद्ध पडलेल्यांची दीर्घकाळ नोंद, आनुवंशिक विकार आढळल्यास जवळच्या नातेवाइकांची तपासणी, आणि पुढील विशेष उपचारांची गरज भासल्यास वेळेवर योग्य केंद्राकडे रवानगी, असा आमचा क्रम आहे.

म्हणूनच आपल्या देणगीतून आम्ही होल्टरची अधिक उपकरणे, नोंदी वाचणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, गरजू रुग्णांच्या औषधांसाठी निधी आणि छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक शिकवणारे वर्ग या बाबींना अग्रक्रम देतो. या गोष्टींवर नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हास कल्पना आहे. परंतु उपलब्ध पुराव्याच्या आधारे रुग्णाचा सर्वाधिक लाभ यांतच आहे, असे आमचे मत आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काही सूचना

श्रम करताना किंवा झोपून असताना अचानक शुद्ध हरपणे, पूर्वसूचनेशिवाय कोसळणे, तसेच घरात चाळिशीच्या आत कोणाचा आकस्मिक मृत्यू झालेला असणे, या गोष्टी डॉक्टरांना न विचारताही आवर्जून सांगाव्यात.

ईसीजीचे जुने कागद जपून ठेवावेत. नव्या आलेखात झालेला बदल जुन्या आलेखाशी ताडूनच कळतो. हा कागद उष्णतेने उमटणारा असल्याने काही काळाने पुसट होतो आणि लॅमिनेशन केल्यास काळा पडतो. म्हणून त्याची झेरॉक्स किंवा मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे.

दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेताना हृदयाच्या औषधांची यादी दाखवावी. बरे वाटू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आकस्मिक हृदयमृत्यूंपैकी मोठा भाग अशा माणसांचा असतो, ज्यांना आधी कोणत्याही यादीत धोक्याचे मानलेले नव्हते. कोणतीही चाचणी त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, परंतु शेजारी उभा असलेला माणूस पोहोचू शकतो. कोणी अचानक कोसळले, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत दाबत राहावे. जवळपास शॉक देणारे यंत्र असल्यास ते मागवून लगेच वापरावे. प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता घटत जाते.

आमच्या रुग्णालयातील प्रशिक्षण वर्ग सर्वांसाठी खुले आहेत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी, हाउसिंग सोसायट्यांनी, शाळांनी आणि मंडळांनी त्यांचा लाभ घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.